दोरी पुन्हा बांधताना

होनोलुलूमध्ये राहायला येऊन सहा वर्षे झाली होती, तरी समुद्र मी फक्त किनाऱ्यावरून पाहिला होता. माझे बालपण नागपुरात गेले आणि पाणी म्हटले की आजही माझ्या डोळ्यांसमोर आधी अंबाझरीचा तलाव येतो. ओआहू बेटावरील एका सामुदायिक संस्थेने पारंपरिक नौकानयनाचा वर्षभराचा वर्ग सुरू केल्याचे कळले, तेव्हा मी नाव नोंदवले ते ताऱ्यांच्या ओढीने. उपकरणांशिवाय, केवळ आकाश आणि लाटा वाचून महासागर ओलांडणाऱ्या लोकांची विद्या शिकायला मिळणार, या कल्पनेनेच मी भारावून गेले होते. प्रत्यक्षात पहिल्या चार महिन्यांत आम्हाला एकही तारा दाखवण्यात आला नाही. त्या चार महिन्यांत आम्ही दोरी बांधली, सोडली आणि पुन्हा बांधली.

वर्गाला शुल्क नव्हते आणि शेवटी प्रमाणपत्रही मिळणार नव्हते. अट एवढीच होती, की दर शनिवारी सकाळी सातला हजर राहायचे आणि शिकलेले पुढे कोणाला तरी शिकवायचे. आमच्या मुख्य शिक्षकांना सगळे ‘अंकल’ म्हणत. हवाईत वडीलधाऱ्यांना नावाने हाक मारण्याची रीत नाही. रक्ताचे नाते नसले तरी अंकल आणि आंटी म्हणतात. काका-मावशी म्हणत वाढलेल्या मला त्यात नवे काही वाटले नाही. पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपली ओळख करून द्यायची होती, पण नोकरी किंवा पदवी सांगायची नव्हती. आपल्या गावाचा डोंगर कोणता, पाणी कोणते आणि वाडवडील कोण, हे सांगायचे होते. मी नाग नदीचे नाव घेतले आणि आजीचे नाव सांगितले. त्यानंतर आम्हाला एक ओली, म्हणजे मंत्रासारखे म्हणण्याचे पद, पाठ करायला दिले. होडीजवळ जाण्यापूर्वी ते म्हणून परवानगी मागायची आणि पलीकडून प्रतिसादाची ओली आल्याशिवाय पाऊल पुढे टाकायचे नाही, असा नियम होता. माझ्या उच्चारातील कंठ्य विराम, म्हणजे शब्दाच्या मध्ये घशात क्षणभर श्वास अडवणे, चुकत असल्यामुळे मला तिसऱ्या शनिवारपर्यंत होडीला हात लावता आला नाही. तेव्हा मला ते कठोर वाटले. पुढे इतिहास समजत गेला आणि तक्रार उरली नाही. ज्या बेटांवर १८९६ च्या कायद्याने शाळांतील शिक्षणाची भाषा इंग्रजी केली गेली आणि पुढच्या पिढ्यांत हवाईयन बोलणाऱ्या मुलांना शिक्षा झाल्या, तेथे तीन शब्द नीट म्हटले जाईपर्यंत थांबणे हे परक्या माणसाने सहज करावे असेच काम आहे.

परकेपणाबद्दल येथेच एक गोष्ट सांगते, कारण ती वर्षभर माझ्या मनात होती. ही विद्या माझ्या पूर्वजांची नाही. वर्गात हवाईयन कुटुंबांतली तरुण मुले होती, एक सामोअन सुतार होता, ओकिनावन वंशाची एक परिचारिका होती आणि मी होते. अंकलनी आम्हाला सुरुवातीलाच ‘कुलेआना’ हा शब्द समजावून सांगितला. त्यात हक्क आणि जबाबदारी हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात, आणि कोणाचा कुलेआना किती, हे ज्याने त्याने ओळखायचे असते. माझा कुलेआना दोरीचे दुसरे टोक धरण्याचा आहे, असे मी त्या वर्षी ठरवले आणि ते ठरवल्यावर मला फार मोकळे वाटले.

आता त्या दोरीविषयी. वआ कौलुआ म्हणजे दोन लांब कायांची, म्हणजे होडीच्या मुख्य अंगांची, जोडनौका. दोन्ही काया समांतर ठेवून त्यांच्यावर आडवे वासे टाकतात. त्यांना इआको म्हणतात. वाशांवर फळ्यांचा मंच येतो आणि त्यातून डोलकाठी उभी राहते. कोकणातील उलांडीची, म्हणजे तोल सावरायला बाजूला लाकूड बांधलेली, होडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना आडव्या दांड्यांनी समतोल साधण्याची ही कल्पना लगेच उमगेल. येथे उलांडीच्या जागी दुसरी संपूर्ण होडीच असते. हे सगळे एकत्र धरून ठेवते ती दोरी. सांध्यांत खिळे किंवा बोल्ट वापरत नाहीत. भर समुद्रात दोन्ही काया वेगवेगळ्या लाटांवर चढतात आणि उतरतात. लोखंडाने जखडलेला सांधा त्या ओढाताणीत लाकूड फाडतो, तर दोरीचा सांधा किंचित वाकतो, कुरकुरतो आणि पुन्हा जागेवर येतो.

पूर्वी ही दोरी नारळाच्या काथ्याची असे आणि तिला ‘आहा’ म्हणत. आमच्या हातात मात्र कृत्रिम धाग्याची दोरी होती आणि आमच्या होडीच्या काया प्लायवुड व फायबरग्लासच्या होत्या. हे पाहून मी सुरुवातीला खट्टू झाले. तेव्हा अंकलनी हवाईलोआ या होडीची हकीकत सांगितली. १९९० च्या सुमारास संपूर्ण पारंपरिक साहित्याची होडी घडवायचे ठरले, तेव्हा शोधूनही हवाईच्या जंगलांत पुरेसा मोठा आणि निरोगी कोआ वृक्ष मिळाला नाही. शेवटी अलास्कातील मूळ रहिवाशांनी सुमारे ४०० वर्षे वयाचे दोन स्प्रूस वृक्ष भेट दिले आणि त्यांतून तिच्या काया कोरल्या गेल्या. होडी करायला निघालेल्या लोकांना आपले जंगल किती संपले आहे याचा हिशेब त्यामुळे समोर दिसला आणि कोआची रोपे लावण्याचे काम सुरू झाले. हे ऐकल्यावर फायबरग्लासबद्दलची माझी नाराजी गेली. होडी कशाची आहे यापेक्षा ती बांधता येणारे हात उरले आहेत का, हा प्रश्न अधिक निकडीचा होता.

हात जवळजवळ उरले नव्हते, हे सत्य आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हवाईत लांब पल्ल्याचे दिशाशोधन जाणणारा एकही माणूस राहिला नव्हता, आणि पॉलिनेशियन लोक या बेटांवर वाऱ्याप्रवाहाबरोबर भरकटत, योगायोगाने पोहोचले असावेत, असे काही अभ्यासक ठामपणे मांडत होते. ते खोडून काढण्यासाठी मानववंशशास्त्रज्ञ बेन फिनी, चित्रकार हर्ब कावाइनुई काने आणि नाविक टॉमी होम्स यांनी १९७३ मध्ये पॉलिनेशियन व्हॉयेजिंग सोसायटी स्थापन केली. त्यांची ६२ फूट लांबीची होकूलेआ ही जोडनौका ८ मार्च १९७५ रोजी ओआहूच्या कुआलोआजवळ पाण्यात उतरली. होडी तयार झाली, पण ती दूर दक्षिणेकडच्या ताहिती बेटाला नेणारा कोणी नव्हता. तेव्हा मायक्रोनेशियातील सातावाल या चिमुकल्या बेटावरून पारंपरिक दिशाशोधक माउ पिआइलुग आले. आपल्याकडील विद्या घराण्याबाहेर द्यायची नाही असा दंडक असताना ते आले, आणि मे १९७६ मध्ये माउई बेटावरून निघालेली होडी त्यांनी सुमारे महिनाभरात, होकायंत्र न वापरता, ताहितीला पोहोचवली. बंदरावर हजारो माणसे लोटली होती. आपल्या बेटावर मुले शाळेत जाऊन परतत नाहीत, विद्या तेथेही आटते आहे, हे माउंना दिसत होते. म्हणून त्यांनी हवाईच्या मुलांना शिकवले. एखादी परंपरा एका माणसाच्या अशा एका निर्णयावर तगून राहते, याचा विचार केला की माझ्या अंगावर आजही काटा येतो.

आमच्या वर्गात बांधणीचा सराव दोन ओंडक्यांवर चाले. आठ माणसे लागत. एक जण दोरी ओवतो, दोघे ओढतात, एक लाकडी मोगरीने वेढा ठोकून बसवतो, एक जण ओढलेला ताण सुटू नये म्हणून दोरी दाबून धरतो आणि उरलेले पुढच्या फेऱ्यासाठी दोरी मोकळी करून देतात. वेढे एकमेकांवर चढता कामा नयेत. सगळे वेढे बसले की त्यांच्या मधून आडवे फेरे घेऊन संपूर्ण जुडगा आवळायचा. मग अंकल येऊन बोटाने दोरी छेडत आणि कान देऊन ऐकत. ताण बरोबर असेल तर दोरी वाजते, सैल असेल तर नुसती थप्प असा आवाज येतो. आमचा पहिला सांधा तीन तासांचा होता आणि थप्प वाजला. त्यांनी काही न बोलता गाठ सोडली. पाचव्या शनिवारी दोरी वाजली आणि तेव्हाही त्यांनी गाठ सोडायला सांगितले, कारण बांधणी कशी सुटते हे पाहिल्याशिवाय ती समजत नाही.

त्या दिवशी मी जरा चिडून विचारले, की काही वर्षांनी सैल होऊन पुन्हा बांधावीच लागणारी ही दोरी वापरण्यापेक्षा टिकाऊ सांधा का करू नये? अंकल म्हणाले, “टिकाऊ सांधा केला असता तर तुला येथे कोणी बोलावले नसते.” मला ते समजायला वेळ लागला. होडी दर काही वर्षांनी किनाऱ्यावर ओढून पूर्ण सोडवली जाते, लाकूड घासले जाते, कुजके भाग बदलले जातात आणि प्रत्येक सांधा नव्याने बांधला जातो. या कामाला शेकडो तास आणि पुष्कळ हात लागतात. म्हणून दर वेळी नवी माणसे बोलवावी लागतात आणि त्यांना शिकवावेच लागते. खिळ्यांनी ठोकलेली होडी संग्रहालयात शंभर वर्षे उभी राहील आणि ती कोणाला बांधता येत नाही हे कोणाच्या लक्षातही येणार नाही. दोरीची होडी ती संधी देत नाही. गोव्यात काथ्याने फळ्या शिवून बांधलेली आणि २०२५ मध्ये भारतीय नौदलात दाखल झालेली कौंडिण्य ही नौका बातम्यांत पाहिली, तेव्हा मला प्रथम हाच प्रश्न पडला, की ती शिवणारे हात पुढे कोणाला शिकवत आहेत?

पोहण्याच्या परीक्षेत मी पहिल्या वेळी अनुत्तीर्ण झाले. दोन महिने रोज पहाटे सराव करून दुसऱ्या वेळी उत्तीर्ण झाले. त्यावर अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

पाचव्या महिन्यात आकाश आले. किनाऱ्यावरील हिरवळीवर पांढऱ्या दगडांचे मोठे वर्तुळ आखलेले होते. ताहितीच्या १९८० च्या सफरीसाठी स्वतः दिशाशोधन शिकून घेणाऱ्या नाइनोआ थॉम्पसन यांनी रचलेले हे ताराहोकायंत्र आहे. क्षितिजाचे ३२ भाग, प्रत्येक भाग सव्वाअकरा अंशांचा, आणि त्याला म्हणायचे घर. पूर्व म्हणजे हिकिना. तेथून उत्तरेकडे जाताना ला म्हणजे सूर्य, आइना म्हणजे भूमी, नोइओ हा समुद्रपक्षी, मानू म्हणजे पक्षी, नालानी म्हणजे आकाश, ना लेओ म्हणजे आवाज आणि हाका म्हणजे रिकामे. शेवटी उत्तर, आकाऊ. हीच नावे चारही चतुर्थांशांत येतात, म्हणून जो तारा पूर्वेला नोइओत उगवतो तो पश्चिमेलाही नोइओतच मावळतो. कोणता तारा कोणत्या घरात उगवतो हे पाठ असेल, तर ढगांच्या फटीतून एक तारा दिसला तरी साऱ्या वर्तुळाची दिशा कळते. आम्ही वर्तुळाच्या मध्ये बसून, डोळे मिटून, घरांकडे बोट दाखवत ही नावे म्हणत असू.

मला हळूहळू कळले की मी या आकाशाला ओळखते. होकूलेआ, म्हणजे आनंदाचा तारा, हा आपला स्वाती. तो हवाई बेटाच्या थेट डोक्यावरून जातो, म्हणून ताहितीहून परतणाऱ्या नाविकाला तो माथ्यावर आला की आपण घराच्या अक्षांशावर आल्याची खूण पटते. तोच स्वाती मुंबईच्याही डोक्यावरून जातो, हे मी नकाशा मांडून तपासले. ताहितीच्या माथ्यावरून जाणारा ‘आआ’ म्हणजे आपला व्याध. माकालीई म्हणजे कृत्तिका. नोव्हेंबरात त्या सूर्यास्ताबरोबर पूर्वेला उगवू लागल्या की येथे माकाहिकीचा, म्हणजे सुगीचा आणि विश्रांतीचा, काळ सुरू होतो आणि आपल्याकडे त्याच सुमारास कार्तिक असतो. होनोलुलू आणि नागपूर दोन्ही २१ अंश उत्तर अक्षांशाच्या किंचित वर आहेत, त्यामुळे ध्रुवतारा दोन्हीकडून सारख्याच उंचीवर दिसतो. येथील नाविक हात लांब करून बोटांच्या मापाने ही उंची मोजतात, मात्र प्रत्येकाने आपापल्या हाताचे माप आधी बसवून घ्यायचे असते. मी माझे माप बसवले आणि बाबांना फोनवर पद्धत समजावून सांगितली. दुसऱ्या दिवशी त्यांनी नागपुरात गच्चीवर उभे राहून ध्रुव मोजला. त्यांची बोटे जाड, म्हणून त्यांचे उत्तर माझ्यापेक्षा एका बोटाने कमी आले. “तुझा हात माझ्याएवढा होईपर्यंत थांबावे लागेल,” असे ते म्हणाले, आणि बोलता बोलता त्यांनी मला लहानपणी दाखवलेल्या त्रिशंकूची आठवण काढली. तो त्रिशंकू येथे नाविकाला फार उपयोगी पडतो. तो दक्षिणेला ताठ उभा असताना त्याच्या वरच्या आणि खालच्या ताऱ्यांत सहा अंशांचे अंतर असते. खालचा तारा क्षितिजापासून तेवढाच वर दिसला की आपण होनोलुलूच्या अक्षांशावर आहोत असे समजायचे.

नोव्हेंबरच्या मध्यात आमची रात्रीची सफर झाली. नेहमीचे ईशान्येचे व्यापारी वारे त्या आठवड्यात पडले होते आणि दक्षिणेचा, म्हणजे कोनाचा, हलका वारा होता, म्हणूनच पूर्वेकडे शीड धरणे शक्य झाले. सोबत एक मोटारबोट अंतर राखून चालत होती. दुपारी निघालो आणि संध्याकाळी लानाई लूकआउटचा कडा डावीकडे आला. याच कड्यावर माउंनी तरुण नाइनोआ यांना ताहितीची दिशा विचारली होती आणि ते बेट मनात दिसते का, असेही विचारले होते. मनातली ती प्रतिमा हरवू द्यायची नाही, हा त्या संवादाचा गाभा येथे प्रत्येक विद्यार्थ्याला सांगितला जातो. कड्यापुढे कैवी खाडी सुरू होते. मार्च १९७८ मध्ये होकूलेआ याच खाडीत रात्री उलटली होती. उलटलेल्या होडीला माणसे धरून असताना जीवरक्षक आणि लाटपटू एडी ऐकाऊ मदत आणण्यासाठी आपला सर्फबोर्ड घेऊन लानाई बेटाकडे निघाले. बाकीचे सगळे वाचले, एडी कधीच सापडले नाहीत. त्यानंतर सुरक्षेचे प्रशिक्षण आणि सोबतीची नौका हे नियम झाले. अंकलनी शीड सैल केले, आम्ही सगळे उभे राहिलो आणि त्यांनी एडींसाठी ओली म्हटली. अंधार पडत होता आणि कृत्तिका वर आल्या होत्या.

साडेआठच्या सुमारास मृगाच्या पोटातला बाण क्षितिजावर आला. त्या तीन ताऱ्यांपैकी पहिला जवळजवळ बरोबर हिकिनात, ऐन पूर्वेला, उगवतो. सुकाणूचे लांब वल्हे, होए उली, सांभाळण्याची पाळी तेव्हा एका मुलाची आणि माझी होती. दिशा त्याने सांगायची होती आणि मी जोर लावायचा होता, पण मध्येच त्याला उलटी झाली आणि दिशेचे काम माझ्याकडे आले. मी बाण नाळेच्या, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाच्या, रेषेत धरला आणि धरूनच ठेवला. मन इतके एकाग्र झाले होते की वेळेचे भान राहिले नाही. या अक्षांशावर तारे सरळ वर चढत नाहीत, दक्षिणेकडे कलत चढतात. दोन तासांत, म्हणजे सुमारे सत्तावीस अंश वर येईपर्यंत, पूर्वेचा तारा एक पूर्ण घर दक्षिणेला सरकलेला असतो. हे मी हिरवळीवर दहा वेळा म्हटले होते. तरी माझ्यामुळे होडी हळूहळू दक्षिणेकडे वळत गेली. साडेदहाला अंकल झोपेतून उठून आले. त्यांनी आकाशाकडे पाहिलेही नाही. ईशान्येची जुनी लाट आधी डाव्या नाळेखालून येत होती, ती आता अधिक बाजूने लागत होती आणि त्यामुळे वाशांच्या कुरकुरण्याची लय बदलली होती. ती त्यांना मंचावर पडल्या पडल्या ऐकू आली होती. त्यांनी माझा हात वल्ह्यासकट उत्तरेकडे सरकवला आणि कान सांध्याला लावायला सांगितले. आम्हीच बांधलेल्या दोरीचा आवाज होता तो. लय पूर्ववत होईपर्यंत मी तो ऐकत राहिले. मग होडी फिरवून आम्ही परत निघालो आणि पहाटे किनाऱ्याजवळ शहरातल्या झाडांवर घरटी करणारे पांढरे मानू-ओ-कू समुद्राकडे झेपावताना दिसले. हे पक्षी मासे धरायला सुमारे १२० मैलांपर्यंत जातात आणि रात्री भूमीवर परततात, म्हणून संध्याकाळी त्यांची दिशा धरली की बेट सापडते.

वर्ष संपल्यावर होडी किनाऱ्यावर ओढली गेली आणि अटीप्रमाणे आम्ही शिकवायला उभे राहिलो. जवळच्या शाळेतील चौथीचा वर्ग आला होता. आधी मुलांनी प्रवेशाची ओली म्हटली आणि या वेळी होडीकडच्या बाजूने प्रतिसाद देणाऱ्यांत मी होते. डाव्या बाजूचा तिसरा सांधा आमच्या तुकडीने बांधलेला होता. अंकलनी त्याची गाठ सोडली, दोरी उलगडून खाली ठेवली आणि नवी दोरी साधारण नऊ वर्षांच्या एका मुलीच्या हातात दिली. तिने पहिला वेढा घेतला, दुसरा त्याच्या शेजारी बसवला आणि मी ओढू लागले. तिने अंकलचे पाहून दोरीला बोट लावले, कान जवळ नेला आणि माझ्याकडे वळून सांगितले, “सैल आहे, आंटी. आणखी ओढा.”